मामाच्या घरचा नवा भात आणि एक प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी कुणाची चहाडी करत नाही. चहाडी पाप आहे. आमच्याकडे प्रार्थनेचे विषय असतात. "अमक्या बहिणीच्या घरात शांती नाही, प्रार्थना करा," एवढं म्हटलं की पुरे. संध्याकाळपर्यंत बोईसरच्या अर्ध्या चाळींना कळतं की काल कुणाचा नवरा पिऊन आला. ही खोड जुनी आहे. तिला शिस्त लावली लीडरशिप ट्रेनिंगने, आणि त्या शिस्तीत माझी आई सापडली. म्हणून हे लिहिते.

आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. दर गुरुवारी पहिली पाळी सुटली की आमच्या खोलीत घरप्रार्थना व्हायची. ती आई चालवायची. चालवायची म्हणजे आधी सगळ्यांना चहा-पाव द्यायची, कारण माणसं पाळीवरून उपाशी येतात. मग गाणं, मग बायबलमधलं वचन, मग ज्याला रडायचं असेल त्याला रडू द्यायची. तिला लीडर कुणी म्हणत नव्हतं. म्हणावं असं मात्र तिला फार वाटायचं. माझ्या भोळ्या आईला फसवलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. तिला ते हवं होतं. लग्नात, बारशात, कंपनीत तिला कधी कुणी पुढच्या खुर्चीवर बसवलं नव्हतं.

मग ते ट्रेनिंग द्यायला मुंबईकडून एक ब्रदर आले. इन केलेला शर्ट, लॅपटॉप, भिंतीवर चित्रं. लीडर सवयींनी घडतो म्हणाले. पहाटे पाचला उठून शांत वेळ घ्यायची, म्हणजे बायबल वाचून प्रार्थना करायची, तीही व्हिडिओ कॉलवर, तोंड दाखवून. शुक्रवारी उपास. आणि रोज एका जोडीदाराला आपण कुठे घसरलो ते सांगायचं, काही लपवायचं नाही. आईला जोडीदार म्हणून मिळाल्या कॉलनीतल्या एक सिस्टर. यजमान मोठ्या हुद्द्यावर, फ्लॅट स्वतःचा.

मी पत्रकं लिहिते. खाडीत सोडलेल्या पाण्यावर लिहिली आहेत, कोळगावला कलेक्टर कचेरीसमोर उभी राहून वाटली आहेत. कंपन्यांची भाषा मला ओळखू येते. सुरक्षा सप्ताहात गेटवर फलक लावतात, 'सुरक्षा ही सवय आहे', आणि मास्क मागितला की स्टोअर बंद असतं. ब्रदरांची भाषा तीच होती. तुम्ही थकता, कारण तुम्हाला सवय नाही. पाळीचं नाव नाही, पगाराचं नाही, वासाचं नाही.

आई पाणी भरायला पाचच्या आधीच उठते. पहिल्या दिवशी ती हंडा बाजूला ठेवून मोबाईलसमोर बसली. मागे पाण्याची मोटार, शेजारची भांडणं, कुणाचं तरी पोर.

"सिस्टर, तुमच्याकडून फार आवाज येतोय. म्यूट करा," ब्रदर म्हणाले.

"म्यूट कुठं हाय?" आईने मला विचारलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं. ब्रदर हसले. आईसुद्धा हसली. मी नाही हसले.

दिवाळीनंतर आई माहेरी गेली, विक्रमगडच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यावर. मामा विश्वासणारा नाही, म्हणजे ख्रिस्ती नाही. नवा भात झाला की तो आधी वाडवडिलांपुढे ठेवतात, मग सगळे एकत्र जेवतात. माहेरी आलेल्या बहिणीला पहिलं वाढतात. मामाने वाढलं. आई जेवली. परत आल्यावर नियमाप्रमाणे तिने जोडीदाराला फोन करून ते सांगितलं. काही लपवायचं नव्हतं ना!

सकाळी मंडळीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'गुरुवारची घरप्रार्थना घेणाऱ्या एका बहिणीसाठी कळकळीने प्रार्थना करा. मूर्तीपुढचं अन्न खाऊन ती सैतानाच्या बंधनात आली आहे.' नाव नव्हतं. गुरुवारची घरप्रार्थना मात्र सगळ्या मंडळीत एकच. खाली जोडलेल्या हातांची ही रांग.

मी सिस्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आईने तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं."

"बेटा, मी कुठे वाईट बोलले? तिच्यासाठी मनावर ओझंच आलं माझ्या. प्रेमानेच टाकलं."

"ग्रुपवर?"

"प्रार्थनेला जितके जास्त लोक तितकं चांगलं, नाही का? तू आत ये, पाणी पी."

आणि चेहरा निरागस! तिला खरोखरच कळत नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तरी त्याही तिने प्रार्थनेचा विषय केल्या असत्या.

मग ब्रदरांनी तोडगा काढला. सर्टिफिकेटचा कार्यक्रम चिंचणीला, भाड्याने घेतलेल्या वाडीत होता. तिथे आईने सगळ्यांसमोर साक्ष द्यायची: तो भुतांचा भात होता, मी तो टाकते, भावाच्या घरचं पुन्हा खाणार नाही. एवढं म्हटलं की ती लीडर, कागदासकट. आमचे पास्टर, आमच्या खोलीत बसून कितीदा चहा-पाव खाल्लेला माणूस, चपलांकडे बघत बसले.

रिक्षात मी आईला विचारलं, "काय बोलणार आहेस?"

"बघू."

"तसलं काही बोललीस ना, तर मी..."

"काय करशील? पत्रक काढशील माझ्यावर?"

वाडीत तिचं नाव पुकारलं. इस्त्रीची साडी नेसून ती पुढे गेली आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी भावाच्या घरी भात खाल्ला."

"आमेन. बोला, सिस्टर, मोकळं व्हा," ब्रदर म्हणाले.

"त्यानं पयला मला वाढला. मी मनात प्रभूचे आभार मानले आनि खाल्ला."

"हो, आणि आता तुम्ही तो टाकता. म्हणा."

 पुढच्या टेबलावर सर्टिफिकेटं मांडली होती, आई त्यांच्याकडे बघताना मला दिसली.

"माझ्या भावाच्या भाताला भुताचा म्हनू? नाय म्हननार. त्यानं परत बोलावला तं परत जाईन."

माइक ठेवून ती जागेवर येऊन बसली. सिस्टरांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली, अर्थात आईसाठीच. बाकीच्यांना कागद मिळाले, फोटो निघाले. गुरुवारची घरप्रार्थना गेली एका इंजिनिअर पोराकडे. चौथा मजला, चपला रॅकमध्ये, आधी सवयींचा धडा, चहा नाही.

परतताना मी खुशीत होते. आईचा हात धरून म्हटलं, "काय बोललीस गं! तोंड पडलं त्यांचं."

तिने हात काढून घेतला. पदराने तोंड झाकून ती रडत होती.

"मला व्हायचं होतं गं लीडर."

"तू होतीसच की, आई."

"उगी बोलू नको, बाय. होती तर त्यांनी कागद दिला असता." नाक पुसून ती बाहेर बघत राहिली. "तो फोटो तुझ्या मामाला दाखवनार होती मी."

 गुरुवारी ती त्या चौथ्या मजल्यावर जाते आणि मागे दाराजवळ बसते. मी जात नाही.