इंजिन मधेच बंद पडतं तेव्हा

चालू इंजिनाचे किस्से होत नसतात! माणसं बसली, उतरली, घरी गेली. त्यात सांगायचं काय? माझ्या नावेचं जुनं इंजिन मात्र इसापूर धरणाच्या मधोमध हटकून बंद पडतं, त्यामुळं माझ्यापाशी किस्से ढीगभर. ऐकणारेच राहिले न्हाईत. पलीकडं जायला डांबरी सडक झाली आणि घाटावर माझी एकटीच नाव उरली.

*

इंजिन रुसलं की मी ताडपत्रीचं शीड उभं करतो. पण वारा काय आपला गडी न्हाई!

एकदा नवी नवरी सासरी घेऊन चाललो होतो. पोरगी हुंदके देऊन रडून राहिली. ऐन मध्यात इंजिन बंद. शीड लावलं, तर वारा उलटा! नाव सरळ परत माहेरच्या काठाला. माय अजून तिथंच उभी, डोळ्याला पदर. तिला पाहून पोरगी रडता रडता खुदकन हसली.

नवरदेव मात्र घामाघूम. मला म्हणतो, "मामा, हे इंजिन तुमचं हाये का माझ्या सासऱ्याचं?"

*

आखाडा बाळापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे रफिकभाई आहेत. इंजिन खांद्यावर घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी खोललं, पुसलं, मान हलवली.

"मारोतीभाऊ, याचे पार्ट आता बनत न्हाईत."

"काहून? अजून चालतंय की!"

"चालता तर तुमीबी. तुमचे पार्ट कुठं मिळतेत?"

दोघंही खूप हसलो. त्यांनी कशाचा तरी वॉशर बसवून दिला. येताना एसटीत शेजारच्या सीटवर इंजिनच ठेवलं. बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

*

पलीकडच्या तांड्यावरची सोनाबाई काठानं शेळ्या राखते. नाव अडकली की मी तिला दोन्ही हात हलवून खुणावायचो, कुणाला तरी धाड म्हणून. ती तिकडून हात हलवायची आणि निघून जायची! मग मी वल्हं मारत, तळहात सोलून घेत काठाला.

एक दिवस चिडून विचारलं, "मी अडकून राहिलो अन् तुमी नुसता हात काय दाखवता?"

तिचं तोंड उतरलं. "अडकले होते व्हय? मला वाटलं, रामराम करून राहिले. दुसरं कोण करतं मला?"

आता इंजिन चालू असलं तरी मी हात करतो.

*

शेषराव माझा जोडीदार. मी वल्ह्यावर, तो इंजिनावर. दोरी ओढायच्या आधी तो इंजिनाला अशा शिव्या द्यायचा की बाया कानावर पदर घ्यायच्या. आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू!

त्याची बायको गेली, मग पोरानं त्याला पुण्याला नेलं. उंच बिल्डिंगीत, लिफ्टनं वर.

त्यानंतर एका दुपारी मी मध्यात अडकलो. वारा ठार बंद. दोरी ओढून खांदा भरून आला. शेषरावाच्या सगळ्या शिव्या देऊन पाहिल्या. इंजिन ढिम्म! शेवटी फोन लावला.

"शेषराव, हे ऐकून न्हाई राहिलं."

"लाव फोन त्याच्या कानाला!"

लावला. शेषराव तिकडून मनसोक्त सुटला. मी दोरी ओढली. फट् फट् फट्, चालू!

"झालं रे चालू!" मी ओरडलो. "ठेव आता!"

तिकडून शेषराव म्हणाला, "ठेवू नको. तसाच धर जरा. ऐकून राहिलो."

काठ आला तरी मी इंजिन बंद केलं न्हाई.