आबांची सही आणि लिलावातली जीप

आमच्या आबांना सही करायची भारी हौस. शाळा दुसरीतच सुटली. सही शिकले ती लायसन काढताना. त्यामुळे कागद दिसला की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जाणार. याच हौसेपायी सेनगाव-हिंगोली रस्त्यावर चालवायची आपली पहिली जीप विकताना त्यांनी गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्मांच्या तीन जोड्यांवर सह्या ठोकल्या. आमच्याकडे तशी रीतच. जुनी गाडी हातोहात फिरते, नावावर कोणी लवकर करून घेत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या जास्तीच्या सह्या आधीच घेऊन ठेवायच्या. पुढे त्या जीपनं दुसऱ्या जिल्ह्यात कुणाला तरी उडवलं आणि कोर्टाची नोटीस आली आबांना. कागदोपत्री मालक तेच. सहा वर्षं ते तारखांना जात होते, आणि त्या सहा वर्षांत मी त्यांना एकदाही मोठ्यानं हसताना पाहिलं नाही.

म्हणून दुसरी जीप विकायची ठरली तेव्हा मी सोबत निघाले. आबांना ते आवडलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

हिंगोलीबाहेरच्या एका यार्डाचा मालक लोकांच्या जुन्या गाड्या विकायला ताब्यात घ्यायचा आणि दर मंगळवारी डीलरांमध्ये त्यांचा लिलाव लावायचा. त्यानं चहा मागवला आणि कोऱ्या फॉर्मांची चळत पुढे सरकवली.

"करा काका सह्या. आपलं सगळं बराबर ठरलेलं हाय."

आबांचं पेन निघालंसुद्धा. मी ते हातातून काढून घेतलं.

"काहून?" आबा खेकसले.

"कोऱ्यावर न्हाई करायची."

आदल्या आठवड्यात मी नियम वाचून काढले होते. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना डीलरनं, म्हणजे इथं यार्डमालकानं, स्वतःच्या आणि विकणाऱ्याच्या सहीनं आरटीओच्या पोर्टलवर टाकायची. पोच निघाली की पुढच्या भानगडींना जबाबदार तो. कायदा त्यालाच मालक धरतो. कोऱ्या फॉर्मानं यातलं काहीच होत नाही.

"ताई, तुमी वकील हाव का?"

"न्हाई, अंगणवाडीत शिकवते. पण वाचता येतं."

"असलं कुणी मागत न्हाई इथं."

"मग आमची जीप आमच्या दारात बरी." मी टेबलावरची किल्ली उचलली. आबांनी कपाळाला हात लावला.

पण जीप आबांनी लेकरासारखी ठेवलेली. दोन डीलर तोवर बॉनेट उघडून आत डोकावत होते, आणि त्यातला एक म्हणाला, "अरे दे की पोच, मशीन लई भारी हाय." यार्डमालक दात खात कॉम्प्युटरपाशी बसला. नेट दोनदा गेलं. मी हलले नाही. शेवटी छापील पोच हातात आली. तिला मी त्याच दिवशी लॅमिनेशन करून आणलं.

तीन आठवड्यांनी आबा जेवत असताना पोलीस ठाण्यातून फोन आला. जीपनं वसमतमध्ये केळीचा हातगाडा उडवला होता आणि ड्रायव्हर पळाला होता. माणसाला इजा नव्हती, पण आबांचा घास ताटातच राहिला.

"पुन्हा तेच," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मी पोच हवालदारापुढे ठेवली. त्यांनी तारीख दोनदा वाचली आणि लगेच यार्डमालकाला फोन लावला. "कागदोपत्री गाडी तुमच्या ताब्यात हाय. तुमी या." मग आबांकडे वळून म्हणाले, "काका, तुमचा यात काई संबंध न्हाई. एवढा जबाब द्या अन् जा घरी."

मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

हवालदारांनी जबाब लिहून कागद पुढे केला. आबांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबले. कागद माझ्याकडे दिला.

"आधी वाच."

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मग त्यांनी झोकात सही केली आणि अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल असे हसले.