गंधकाच्या खाली कोण बसलंय?

संशयमामा वजनकाट्यावर चढायच्या आधी त्यावर पाच किलोचं माप ठेवून बघायचे. काटा बरोबर निघाला की मग स्वतः चढायचे, आणि उतरल्यावर पुन्हा एकदा माप ठेवायचे. मधल्या वेळात काटा फिरला असला तर? हा माणूस चाकणच्या आमच्या कारखान्यात लॅबचा प्रमुख होता. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सगळे त्यांना संशयमामाच म्हणायचे, तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. "म्हना की," म्हणायचे, "पन माझा संशय खोटा निघाला आसंल तर दावा."

मी लातूरची. बीएस्सी केमिस्ट्री करून इथे लागले, पिंपळे गुरवला तिघी मैत्रिणींत एक खोली आणि सकाळी कंपनीची बस. सहा महिन्यांनी काम बघून कायम करणार होते. नाही केलं तर गाठोडं बांधून घरी, आणि घरी स्थळं तयारच होती. पहिल्याच दिवशी मामांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरलं. वर विचारतात, "ह्ये मार्क तुझंच ना गं?" अस्सा राग आला म्हणून सांगू!

त्याहून वाईट म्हणजे डबा. पोलादाचा नवा माल आला की मी बारचा, म्हणजे सळईचा, नमुना कापून घ्यायची, यंत्रात घालून त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते बघायची आणि रिपोर्टवर सही करायची. मामा त्याच बारच्या टोकाचा, पुरवठादाराचा शिक्का असलेला तुकडा स्वतः कापायचे, त्यावर चिठ्ठी बांधायचे आणि जेवणाच्या एका जुन्या स्टीलच्या डब्यात टाकून कुलूप लावायचे. चिठ्ठीवर तारीख आणि माझं नाव. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच. मला पक्कं वाटायला लागलं की हा म्हातारा माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय. मग मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. लॅबमध्ये आम्ही दोघंच, आणि दिवसभर एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायचं!

भिंतीवर आवर्तसारणीचा पिवळा पडलेला तक्ता होता. मामा दहावी आणि आयटीआय, मशीनवर काम करत वर चढलेले, पण तक्ता त्यांनी पेन्सिलीनं भरून टाकला होता. एखादी गोष्ट पटली की त्या चौकोनाशेजारी ती कशी पटली ते लिहायचे. 'स्वतः करून पाहिलं.' 'दोन पुस्तकांत पाहिलं.' कुणी नुसतं सांगितलं म्हणून लिहिलेलं एकही अक्षर नव्हतं. आणि एका जागी, टेल्युरियमपाशी, मोठं प्रश्नचिन्ह होतं.

"तक्ता येतो का तुला?" त्यांनी एकदा विचारलं. मी हायड्रोजन, हेलियम, लिथियम करत पाढे म्हणावेत तसे पहिले तीस म्हणून दाखवले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "आगं, नावं तर पोपटबी म्हनंल. मांडनी कळली का? उबी वळ बघ. एका उब्या वळीतल्यांचा सोभाव सारखा. वरला जी खोडी करतो ती खालचाबी करू शकतो. ह्ये मला पटलंय. आडव्या वळीचं न्हाई पटलं. वजनानं मांडल्यात म्हनत्यात, मंग टेल्युरियम जड आन् आयोडीन हलकं, तरी टेल्युरियम आदी कसं?"

"मामा, तक्त्यात तसंच असतं."

"तक्ता छापनारा तुझा पाव्हना हाय व्हय?"

मलाही ठाऊक नव्हतं, हीच खरी गंमत.

माझे सहा महिने भरायला दोन आठवडे होते, तेव्हा दूध डेअरीच्या पाइपांचे जोड बनवायला स्टेनलेसचा नवा माल आला. मी तपासला, सगळं बरोबर, सही केली. लेथवरचे ऑपरेटर खूश. या जातीचं स्टेनलेस मोठं चिवट, कातताना लांबलचक साल निघते आणि टूलला गुंडाळते. हा माल मात्र लोण्यासारखा कापला जात होता. सगळे हसत होते आणि मामांचं तोंड कडू झालेलं.

"येवढा गुनाचा कसा काय झाला ह्यो?" त्यांनी माल अडवला. बाहेर गाडी उभी, साहेब भडकलेले. मी म्हटलं, "मामा, कापायला सोपं जावं म्हणून गंधक घालतात, तेही मी बघितलंय. गंधक नाहीये त्यात."

त्यांनी मला दंडाला धरून तक्त्यापुढं उभं केलं. बोट गंधकावर ठेवलं. "ह्याच्या खाली कोन बसलंय?"

"सेलेनियम."

"आपलं यंत्र सेलेनियम बघतं का?"

आमचं यंत्र सेलेनियम मोजायचंच नाही. उभ्या ओळीतला खालचा भाऊ वरच्याचं काम करून गेला होता आणि मी वरच्यालाच शोधत बसले होते. असा माल वेल्डिंगला तडे देतो. डेअरीत जोड उकलले असते आणि रिपोर्टवर सही माझी होती.

नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला, निकाल आला. सेलेनियमच. पुरवठादाराचा माणूस साहेबांपुढं बसून शांतपणे म्हणाला, "आमचा माल चोख आहे. तुमच्या या नव्या मुलीनं बाहेर पाठवताना नमुन्यांची अदलाबदल केली असेल." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मामा उठले आणि डबा घेऊन आले. म्हटलं, संपलं. आता सगळे पुरावे बाहेर पडणार.

मामांनी कुलूप काढलं, एक तुकडा टेबलावर ठेवला. "शिक्का तुमचाच ना? माल आला त्या दिशीच कापलाय. चिठ्ठीवर पोरीचं नाव हाय, कारन नवं मानूस दिसलं की समदे आदी त्याच्यावरच ढकलत्यात. तपासा ह्यो." तपासला. त्यातही सेलेनियम निघालं. माल परत गेला, मी कायम झाले.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. खोलीवर जाऊन कॉलेजची पुस्तकं उघडली, आयुष्यात पहिल्यांदा समजून घेण्यासाठी. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं, क्रम वजनाचा नाही, प्रोटॉनच्या संख्येचा. टेल्युरियमला बावन्न, आयोडीनला त्रेपन्न. आणि सगळ्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे असले की एकाखाली एक. त्यांनी तक्त्यातल्या त्या दोन चौकोनांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बघू." म्हणजे आता दोन पुस्तकं धुंडाळणार, हे मी ओळखलं.

पुढं ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नवा तक्ता लागला आणि जुना ते गुंडाळून दिघीला घरी घेऊन गेले. वर्षभरात गेलेच. मी भेटायला गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "डॉक्टरलाबी म्हनायचे, तुमचं यंत्र तपासलंय का?" आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो.

तक्ता तिथे त्यांच्या खाटेसमोर लावलेला होता. सवयीनं माझं बोट गंधकावर गेलं, तिथून सेलेनियमवर, तिथून टेल्युरियमवर. तिथलं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. मी शेजारी पुस्तकांची नोंद शोधली. नव्हती. पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'पोरीनं सांगितलं.'