आक्कांचा राखीव हंडा

राधाआक्का गेल्या, हे मला बीडच्या बसस्टँडवर कळलं. मी त्यांनाच भेटायला निघाले होते. त्यांच्या सुनेचा फोन आला. "काकू, निघालात का तुमी? ...आत्या गेल्या." केजची गाडी लागली, भरली, निघूनही गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसूनच राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

लग्न होऊन मी युसूफ वडगावजवळच्या आमच्या खेड्यात आले, तेव्हा आक्का बायकांच्या दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. चेअरमनची खुर्ची कायम रिकामी, आक्का आपल्या दूध मापायला उभ्या! त्या वर्षी दुष्काळ पडला होता; विहिरींनी तळ गाठला होता, टँकर आठ दिवसांनी यायचा. आग लागली तर तालुक्याहून बंब येईपर्यंत घर राहायचं नाही. म्हणून आक्कांनी ठरवलं, संस्थेतल्या प्रत्येक घरात एक हंडा राखीव ठेवायचा. टँकर आला की आधी हंड्यातलं पाणी बदलायचं, जुनं पाणी जनावरांना घालायचं. रेशनकार्ड, सातबारा एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवायचं. सकाळी दूध घालताना प्रत्येकीला त्या विचारायच्या, "हंडा भरलेला हाय का?" माझे सासरे चिडायचे. "प्यायला न्हाई पाणी, अन् ही बाई झाकून ठिवाय लावती. कावून?"

त्या उन्हाळ्यात माझी आई लिंबागणेशहून यायची होती. मी पंधरा दिवस डोक्यावरून न्हाले नव्हते. लेक सासरी अशी राहते, हे तिला दिसू नये असं फार वाटलं... आणि मी राखीव हंड्यातल्या पाण्यानं केस धुतले. दुसऱ्या दिवशी आक्कांनी डेअरीत विचारलं, तेव्हा मान खाली घालून "हाय" म्हणाले.

त्याच दुपारी शेजारच्या सखूबाईंच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. लागूनच गोठा, गोठ्याला लागून घर. आक्कांनी हाका मारल्या तशा बायका हंडे घेऊन धावल्या. सगळ्यांचं पाणी गोठ्याच्या छपरावर पडत होतं. मी रिकामा हंडा कवटाळून उभी होते. आक्कांनी तो हातातून घेतला, बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "पाटी घे. माती आण." हात सोलवटेपर्यंत मी माती टाकत राहिले. गंजी गेली, म्हशी आणि घर वाचलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीवर बसून लुगड्याला चिकटलेलं जळकं काड वेचत होत्या.

"आक्का, मी खोटं बोलले."

"ठावं हाय. अख्ख्या गावात तुझेच केस धुतलेले होते."

मला रडू फुटलं. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "आई यायची म्हणल्यावर मी बी तेच केलं असतं. पण न्हाई तर न्हाई म्हणावं, पोरी. मंग दुसरीकडून सोय बघता येती. तू हाय म्हणलीस, अन् मी तुझ्या भरवशावर ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी सगळ्याच घरचे हंडे रिकामे होते. आक्का दुधाच्या गाडीत बसून केजला गेल्या आणि परतल्या त्या टँकरवाल्याच्या शेजारी बसूनच. उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. घरोघर बघून येऊ."

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून फिरू लागलो. कुणी चहा ठेवायला उठलं की त्या म्हणायच्या, "चहा न्हाई, पाणी दाव." मग झाकण उचलून बघायच्या, खुंटीवरची पिशवी चाचपायच्या, त्या घरच्या सुनेला माहेरची खुशाली विचारायच्या. त्यांच्यामागून चालता चालता मला ते गाव माझं वाटायला लागलं.

आम्ही बीडला राहायला आलो, तरी उन्हाळ्यात त्या फेरीसाठी मी जायचेच. गेल्या चैत्रातही गेले होते. त्यांचे गुडघे पार गेले होते; एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा भिंतीला. ऊन चढलं होतं. पाराजवळ आल्यावर मी म्हणाले, "आक्का, बसा जरा. लई झालं आज."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पुढच्या आळीकडं पाहिलं. "अजून चार घरं ऱ्हायलीत."

ती चारही घरं आम्ही त्या दिवशी केली.