चपला राखणारीचा समुद्र

ग्रुपवाल्यांनो, आज माह्यं डोस्कं लय तापलं हाये.

लेकानं आमाले समुद्राकाठच्या पाळण्यांच्या पार्कात आणलं. आत शिरल्याबरोबर पाळण्यात बसाले सगळ्यांनी बूट काढले अन् पिशव्यांसंगं माह्यापुढं टाकले. "आई, तू बस इथं. सामानाकडं लक्ष ठेव." मले पाळण्यात बसाचं हाये का, कोणी इचारलंच नाही.

सत्तरच्या दशकात, मी फ्रॉकात होती तवा, बापानं आमाले मेडशीहून मुंबईच्या चौपाटीवर नेलं होतं. आमी लाकडी घोड्यांवर बसलो. आई समुद्राकडं पाठ करून आमच्या चपला राखत बसली. गावात परत आल्यावर बायांनी तिले इचारलं, समुद्र कसा हाये वं? ती म्हणे, "आवाज लय करते."

तिनं तो पाह्यलाच नव्हता.

आज ते आठवलं, मंग मी उठली, सामान तसंच सोडलं अन् आकाशपाळण्यात जाऊन बसली. वरून समुद्र डोये भरून पाह्यला. खाली आली तं लेकाचा एक बूट कुत्र्यानं पळवला होता. लेक अजून बोंबलून राह्यला. बोंबलू दे.

तुमच्या घरी सामानापाशी कोण बसते? तिले तिथून समुद्र दिसते का, ते पयले सांगा.