सहा महिने त्याची, सहा महिने माझी

मी अठ्ठावीस वर्षं चिखलीच्या एका जिनिंग मिलमध्ये कापूस पाहिला. पाहिला म्हणजे काय, तर शेतकऱ्याची गाडी आली की तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि खालचा कापूस वर काढायचा. वरचा पांढराशुभ्र, खालचा पाणी मारलेला, हे इतक्या वेळा पाहिलं की आता कुणी पेढा दिला तरी मी तो मोडून आत काय आहे ते बघतो. बायको म्हणते, "तुमचा हात अजून गाडीतच हाय." असेल. त्या हाताने मी जिनिंगचं नुकसान कधी होऊ दिलं नाही. घरचं मात्र त्याच हाताने केलं, ते सांगतो.

आमच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून एक पेट्रोलची जीप घेतली होती. चारही चाकं ओढणारी, कॅनव्हासच्या टपाची, बिनदाराची. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलगाडी रुतली की लोक वडिलांना बोलवायला यायचे आणि ही जीप गुरगुरत जाऊन गाडी ओढून काढायची. गावातल्या निम्म्या बाळंतिणी तिच्यातूनच बुलढाण्याच्या दवाखान्यात गेल्या. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईही तिच्यातूनच गेली होती.

वडील गेले आणि वाटणी झाली. वाटणीत बोलू नये ते आम्ही दोघंही बोललो. घर मला आलं. भावाने धाड गावात घर बांधलं, तो तिथे शाळेत मास्तर आहे, आपलं शेत त्याने बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्याने, कसायला देऊन टाकलं. विहीर सामाईक राहिली, चार दिवस पाणी त्याच्या बटईदाराचं, चार दिवस माझं. राहता राहिली जीप. ती दोघांनाही हवी होती आणि तिचे दोन तुकडे काही होत नव्हते. मध्यस्थीला मामा बसले होते. ते वैतागून म्हणाले, "विहिरीले पाळी लावली ना? तशीच जीपलेबी लावा अन् मले जेवू द्या."

झालं. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत जीप भावाची, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत माझी. दसऱ्याला तो न्यायला यायचा, पाडव्याला आणून द्यायचा. वाटणीनंतर आमचं येणंजाणं एवढंच उरलं होतं, वर्षातले दोन दिवस. जीप नसती तर तेही राहिलं नसतं. मला हे कळत होतं, पण कळून मी काय केलं?

आपल्या सहा महिन्यांत भाऊ जीप पळवायचा. दिवाळीच्या सुट्टीत कच्छ, नाताळात कोकण, एकदा तर जैसलमेरपर्यंत गेला. रविवार आला की सातपुड्यात. बरोबर त्याची बायको, स्टोव्ह, दोन सतरंज्या. रस्त्यात कुठेतरी नदीच्या वाळूत जीप उभी करून काढलेले फोटो तो मला पाठवायचा. मी फोटोत भाऊ बघायचो नाही. टायर बघायचो. इतक्या जुन्या गाडीला वाळूत घालतो, बापाच्या वस्तूची ही काळजी? मला चालवता येते जीप, पण कामाशिवाय गाडी फिरवणं मला आजही पटत नाही.

माझ्या सहा महिन्यांत मी तिला सांभाळायचो. टिनाच्या शेडमध्ये चारी बाजूंनी विटा रचून चाकं जमिनीपासून वर उचलायची, अंगावर ताडपत्री, सीटखाली डांबरगोळ्या, शेडच्या दाराला कुलूप, चावी माझ्या करदोड्याला. एकदा झाकली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. माझा हिशोब सरळ होता. विहीर आठ दिवस उपसली नाही की पाणी वर चढतं, तिला विश्रांती मानवते. पाळी विहिरीसारखी, तर जीपही तशीच. सहा महिने निवांत उभी राहील, ताजी होईल. हे मी मनातल्या मनात नाही, गावात पारावर बसून चारचौघांना समजावून सांगितलेलं आहे, आणि कुणीही मला वेड्यात काढलं नाही. सगळ्यांच्याच शेतात विहिरी.

भाऊ म्हणायचा, "भाऊ, आठवड्यातून एकडाव सुरू तरी करत जाय तिले. जराशी फिरवत जाय."

मी म्हणायचो, "हाव." आणि करायचो नाही. कारण मला लगेच वास आला. हा काऊन सांगून राह्यला? म्हणजे झीज माझ्याही पाळीत पडावी आणि उद्या काही मोडलं तर नाव माझं यावं! अरे, अठ्ठावीस वर्षं ओला कापूस पकडला मी, तू मला शिकवतो?

दसऱ्याला येताना तो चार्ज केलेली बॅटरी आणि पेट्रोलचा डबा सोबत घेऊन यायचा. शेडमध्ये तास-दीड तास त्याची खुडबूड चालायची. मग एकदाची ती खोकत खोकत सुरू व्हायची आणि धूर काढत जायची. मला हेही खटकायचं. माझ्या जीपमध्ये बॅटरी नाही का? स्वतःची कशाला आणतो? काहीतरी आहे.

पण खरा किडा डोक्यात घातला तो पुण्याच्या एका माणसाने. एका पाडव्यानंतर तो कुठून तरी पत्ता काढत आमच्या दारात आला. गोल टोपी, गळ्यात कॅमेरा. जुन्या गाड्या गोळा करण्याचा त्याला नाद होता. जीपच्या पोटाखाली शिरून तो बराच वेळ पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, गाडी सुंदर आहे. पण कार्ब्युरेटर मूळचा नाही. वायरिंगही नवं. मूळ पार्ट असते तर गोष्ट वेगळी होती. आजकाल त्या पार्टांनाच किंमत आहे."

तो गेला आणि मी तिथेच विटेवर बसलो. मूळचा नाही? मग मूळचा गेला कुठे? जीप हातात असते दोघांच्या. मी तर तिला हातसुद्धा लावत नाही! उरलं कोण? माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. मास्तरचा पगार आणि जैसलमेर! बापाची जीप आतून सोलून हा विकतो आहे आणि वरचा पत्रा मला आणून देतो आहे. वरचा कापूस पांढरा.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच काय? विचारा की त्याहीले सरळ." सरळ विचारून चोर कधी सापडतो का? मी इंजिनचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला. मग वाटलं, नंबर काय, ठोकूनही घेता येतो.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं. मुलगी सासरी जाताना लाल नेलपॉलिशची बाटली विसरली होती. ती घेऊन जीपच्या अकरा पार्टांवर, सहज दिसणार नाही अशा जागी, एकेक ठिपका दिला. कार्ब्युरेटर, पेट्रोलचा पंप, ब्रेकचा सिलिंडर, पाण्याचा पाइप, जे जे म्हणून काढता येतं ते. भावाने नेहमीसारखी खुडबूड केली, जीप नेली. सहा महिने मी त्या ठिपक्यांचाच विचार करत होतो.

पाडव्याला जीप आली आणि मी ठिपके मोजले. अकरापैकी सहा गायब! खोटं कशाला बोलू, मला दुःख झालं नाही. आनंद झाला. ओला कापूस हाताला लागला की व्हायचा तसाच. मी त्या दिवशी काही बोललो नाही. दसऱ्याला गाव जमतं, तेव्हाच बोलायचं ठरवलं.

दसऱ्याला अंगणात सोनं द्यायला आलेली दहा-पंधरा माणसं होती. भाऊ बॅटरी आणि डबा घेऊन आला. त्याची बायकोही सणासाठी बरोबर आली होती. त्याने चावीसाठी हात पुढे केला आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आधी बापाच्या जीपचे इकलेले पार्ट आण. मंग चावी माग."

"कोणते पार्ट?"

"लाल ठिपक्याचे. साळसूद बनू नको बे!"

माझी अपेक्षा होती की तो भांडेल, नाहीतर गयावया करेल. त्याने खिशातून आपट्याची पानं काढली, माझ्या हातावर ठेवली, वाकून पायाला हात लावला आणि बायकोला म्हणाला, "चाल." बॅटरी डोक्यावर घेऊन दोघं फाट्यावर एसटीला गेले. लोक इकडेतिकडे बघू लागले. मी म्हणालो, "पाह्यलं? बोलती बंद!"

दिवाळीला त्याचा फोन आला नाही. संक्रांतीलाही नाही. आधी मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं असतंच. मग रात्रंदिवस एकच घोर लागला, की मामांपुढे जायचं तर हातात पुरावा हवा. भाऊ जीपचं काम चिखलीत मेहकर रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे करतो, एवढं मला माहीत होतं. गेलो त्याच्याकडे. म्हणालो, "माह्या भावानं तुमच्या हातानं जे पार्ट इकले, त्याची यादी द्या."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. आत गेला, एक पोतं ओढत आणलं आणि माझ्या पायाशी उलटं केलं. गंजलेलं लोखंड, हिरवं पडलेलं पितळ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींची भेंडोळी. त्यात माझे सहा लाल ठिपके होते.

"हे घासलेलं नोहे, दादा," तो म्हणाला. "हे सडलेलं हाय. गाडी चालून असं होत नाही. पेट्रोल टाकीत सहा महिने ठेवलं की त्याचा गोंद होते, तो कार्ब्युरेटरात बसते. ब्रेकच्या तेलात पाणी धरते, ते सिलिंडर खाते. दर दसऱ्याला तुमचा भाऊ तिले माह्याकडं आणते, पंधरा दिवस आम्ही तिचे हाल निस्तरतो, मंग ती रोडवर लागते. म्या म्हटलं, तुह्या भावाले सांग ना. तर म्हणे, नको. तो जीव लावून झाकून ठेवते, त्याले वाईट वाटंन."

तुम्हाला वाटेल मी तिथेच विरघळलो. नाही! माझ्या मनात आलं, दोघं मिळालेले आहेत. असलं पोतं कुठलाही मिस्त्री भरून ठेवू शकतो. पण ठिपके कोण ठेवणार? मी त्यातला कार्ब्युरेटर पिशवीत घातला, घरी आलो आणि शेड उघडलं. जीप आता पाडव्यापासून, म्हणजे जवळजवळ वर्षभर, उभी होती. ताडपत्री ओढली तर सीटमधून उंदरांची पिल्लं पळाली. बॉनेट उघडून सध्याच्या कार्ब्युरेटरचं झाकण काढलं. तो भावाने गेल्या वर्षी नवा घातलेला. आत तोच पिवळा चिकट गाळ. पुढे जाऊन हँडल लावलं आणि सगळा जोर देऊन फिरवलं. हललं नाही. मी लोंबकळलो त्याला. इंजिन दगडासारखं जाम झालं होतं, आणि एवढ्या काळात त्या शेडची चावी फक्त माझ्या कमरेला होती. भावाचा हात तिला लागलाच नव्हता. मी हँडल धरून तिथेच खाली बसलो आणि मला माझीच शिसारी आली.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी भावाला फोन केला. "चुकलं माह्यं. जीप घेऊन जाय. कायमची घे," असं काहीतरी म्हणालो. तो म्हणाला, "पाडव्याले येतो." बायको त्या दिवशी पहाटेपासून पुरण वाटत होती. गुढी उभारून होते न होते तोच मिस्त्रीची पिकअप दारात आली. भाऊ एकटाच होता, त्याची बायको आली नव्हती. दोघांनी मिळून विटा काढल्या, जीप ढकलून बाहेर आणली, दोर बांधला. मीही ढकलत होतो. भाऊ मला म्हणाला, "तू राहू दे, पाठ दुखंन."

दोर बांधून झाल्यावर मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "मले माफ कर. तुले मी चोर म्हटलं."

"त्याचं मले काही नाही," तो म्हणाला. "तुह्यं डोकं तसंच हाय, मले लहानपणापासून ठाऊक हाय. पण एक सांग. इतकी वर्सं मी दसऱ्या-पाडव्याले तुह्या घरी जेवून राह्यलो. एक डाव तरी आपण सोबत बसलो का? मी आत ताटावर, अन् तू बाहेर जीपखाली. वहिनी म्हणे, येतीलच आता. मले वाटे, भाऊले बापाच्या गाडीची लई माया हाय, पाहू दे त्याले. मी एकटाच जेवत जाये. अन् तू तवा माही चोरी शोधत होता."

ते खरंच होतं. तो पहिला घास घ्यायचा तेव्हा मी टॉर्च घेऊन बोल्ट बघत असायचो.

बायको दारातून म्हणाली, "भाऊजी, पान वाढलं हाय. दोन घास तरी खा, सणाचा दिवस हाय."

"आज नको, वहिनी," तो म्हणाला आणि पिकअपमध्ये मिस्त्रीच्या शेजारी बसला. जीप दोराला हिसका देत त्यांच्या मागे निघाली. वळणापर्यंत मी तिच्यामागे चालत गेलो, त्याने मागे पाहिलं नाही.

घरात आलो तर बायकोने दोन पाट मांडलेले, दोन ताटं वाढलेली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सगळं गरम. "बसा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पाडव्याच्या जेवणाला मी पहिल्यांदा वेळेवर बसलो, आणि समोरच्या पाटावर कुणी नव्हतं.