गायरानावरची सुट्टी

मी आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होते आणि घरी यायची सुट्टी दोन वर्षांतून एकदाच मिळायची. त्या वेळच्या सुट्टीचे माझे बेत साधे होते. मायच्या हातची भाकरी खायची, भरपूर झोपायचं, आणि कुणी लग्नाचा विषय काढला की डोकं दुखतंय म्हणून उठून जायचं. भाकरी मिळाली, झोपही झाली. डोकं मात्र रोज किती वेळा दुखवायचं हा प्रश्नच होता, कारण आत्या मुक्कामालाच आली होती.

आमचं गाव जालना जिल्ह्याच्या अगदी कडेला, कुंभार पिंपळगावच्याही पुढं. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्या साली बीडकडं प्लेग निघाल्याचं कानावर आलं, मग सुरतेच्या बातम्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली आहेत. लोक प्लेगला घाबरले. मी नर्स, प्लेगवर गोळ्या आहेत हे मला माहीत होतं. मी घाबरले ती व्हिसाला.

परतीच्या व्हिसाला मुदत असते. त्या मुदतीत पाय तिकडं टेकला नाही तर नोकरी संपली, कुणी कारण विचारत बसत नाही. आणि नोकरी संपली असती तर माझं पुढचं आयुष्य आत्याच्या पिशवीत तयारच होतं. तीर्थपुरीचा एक मास्तर तिनं हेरून ठेवला होता. मुलगा चांगला, घरी शेती, फक्त बायकोनं नोकरी करू नये एवढंच त्यांचं म्हणणं. विमानं बंद झाल्याचं ऐकून आत्यानं सुपारी कातरली आणि म्हणाली, "बरं झालं. देवालाबी वाटतंय पोरगी इथंच राहावी." आमच्या घरात देव नव्हते, भिंतीवर बाबासाहेब होते. त्यांना काय वाटत होतं ते आत्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी रोज कुंभार पिंपळगावला जाऊन फोनच्या बूथवरून मुंबईच्या एजंटला गाठायची. एक दिवस तो म्हणाला, विमानं सुरू होताहेत. पण दवाखान्यानं अट घातली आहे: पासपोर्टवर जे गाव आहे, त्या गावात साथ नाही, असं सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. मी आनंदानं पेढे घेतले आणि गावाकडं निघाले. गावात साथ नव्हतीच. एकाला साधा तापसुद्धा नव्हता.

गावात पोचले तर गावच नव्हतं.

म्हणजे घरं होती. पण दारांना कुलपं, अंगणात चिटपाखरू नाही, गिरणीचा पुकपुक आवाज बंद. एक कुत्रं तेवढं पारावर बसलं होतं. तेवढ्यात दादा सायकल घेऊन आले. दादा म्हणजे माझे वडील, शेजारच्या गावात शिक्षक, आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, "चल, आपलं बिऱ्हाड गायरानात हाय. उंदीर पडले."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं जुन्या लोकांचा रिवाज होता: घराघरात उंदीर मरून पडायला लागले की डॉक्टरची वाट बघायची नाही, चुली विझवायच्या, दारं लावायची आणि अख्खं गाव उचलून रानात राहायला जायचं. ज्याची जमीन त्यानं आपल्या शेतात झोपडी घालायची. आमच्या वस्तीला पूर्वी जमीनच नव्हती, म्हणून आम्ही गायरानात. गावातले सगळ्यांत म्हातारे आबा लहानपणी असे रानात राहून वाचले होते. त्या सकाळी त्यांच्या वाड्यात आणि शेजारच्या दोन घरांत मेलेले उंदीर सापडले, आणि आबांनी सांगितलं, गाव सोडा. दुपारपर्यंत गाव मोकळं. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर सगळ्यांनी कित्येक रात्री अंगणातच काढल्या होत्या, त्यामुळं बिऱ्हाड हलवायचा सराव होताच.

मी आबांच्या शेतात गेले. म्हटलं, "आबा, एकालाबी ताप न्हाई. गाठ न्हाई. काहून भ्यायचं?"

आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "ताप आल्यावर गाव सोडून काय फायदा, बाई? मंग माणसाबराबर तापबी रानात येतो."

खरं सांगायचं तर म्हातारा बरोबर बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याची जीप पावडर मारायला आली. त्यांना कुत्रं भेटलं. त्यांनी कुत्र्याकडं बघितलं, कुलपांकडं बघितलं, आणि परत जाऊन सांगितलं की गाव प्लेगच्या संशयानं उठलंय. झालं. एसटी फाट्यावरूनच वळायला लागली. कुंभार पिंपळगावच्या बाजारात आमच्या बायका भाजी घेऊन गेल्या तर त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. आणि मी दादांना घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडं सर्टिफिकेट मागायला गेले तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"तुम्ही नर्स आहात, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "रिकाम्या गावात साथ नाही असं मी कसं लिहू? माणसं कुठायत तेच मला माहीत नाही. माणसं घरात दिसू द्या, मी स्वतः येऊन तपासतो. बाजाराच्या दिवशी त्याच बाजूला यायचंय मला. त्यानंतर मात्र मला जमणार नाही."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. बाजाराचा दिवस चुकला असता तर व्हिसाची मुदतही चुकली असती, एवढा साधा हिशेब होता.

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उंदीर मेले तरी कशानं? तीन घरांत मिळून मूठभर उंदीर, आणि पुढं एकही नाही. गायरानात पोचल्याबरोबर मी घरोघर, म्हणजे झोपडीझोपडी, विचारत सुटले की कुणी औषध टाकलं होतं का. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आठ-दहा दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीनं दवंडी दिली होती की उंदीर मारू नका, मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसावर येतात. मग कोण कबूल करणार? शेवटी मायला विचारलं. माय पीठ मळत होती. ती म्हणाली, "पाणी आण जरा," आणि मळतच राहिली.

माझी माय उत्तर द्यायचं नसलं की काम सांगते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवशी मी रागात होते, पाणी आणायला गेले.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. पावसाळा सरत आला होता, गायरानात चिखल, डास, आणि आत्या. झोपडीच्या तोंडाशी दगडावर बसून मी फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघत राहायची. तिकडच्या वॉर्डात या वेळी कोण ड्युटीवर असेल, हॉस्टेलमधल्या माझ्या खाटेवर दुसरी कुणी आणून ठेवली असेल का, असं काहीबाही मनात यायचं. मला त्या कामाचा अभिमान होता. आमच्या वस्तीतून पासपोर्ट काढणारी मी पहिली, आणि तो पासपोर्ट आता पत्र्याच्या पेटीत पडून वाया जाणार होता. मी आत्याला म्हटलंसुद्धा, "तीर्थपुरीवाल्यांना कळवून टाक." ती इतकी खूश झाली की मला रडूच आलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आबा गायरानाकडं आले. रोज एकदा ते सगळीकडं फिरून कुणाला ताप आहे का ते बघायचे. चार माणसं त्यांच्यामागं होती. मायनं हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, उंदीर म्या मारले," माय म्हणाली.

माय एका दमात सांगून मोकळी झाली. लेकीनं तिकडून आणलेली बॅग उंदरांनी कुरतडली होती. दवंडी ऐकली होती, तरी काळं औषध पिठात कालवून त्याच्या गोळ्या धान्याच्या कणगीखाली ठेवल्या होत्या. उरलेल्या गोळ्या अजून तिथंच आहेत, कुणालाही येऊन बघू द्या.

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मग म्हणाले, "तुह्या घरात औषध, आन् उंदीर मह्या वाड्यात कसे मेले?"

"उंदीर काय तुमची गल्ली, आमची गल्ली बघून फिरत्यात व्हय?"

आधी मागच्या बायका हसल्या, मग चौघं हसले, आणि शेवटी आबांच्या मिशीलाही ते आवरेना. हसू ओसरल्यावर त्यांनी मायला चांगलं झापलं. पोरगी नर्स आणि तू दवंडी मोडतीस, सगळं गाव चिखलात बसवलंस, असं बरंच काही बोलले. तिनं खाली मान घालून सगळं ऐकलं. मग आबांनी दोन माणसं आमच्या घरी पाठवली. ती माणसं गोळ्या बघून आली तेव्हा माय चुलीतला विस्तव लोखंडी पाटीत घेऊन गावाच्या वाटेला लागली होती. कुणाला काही न विचारता मी घागर घेऊन तिच्यामागं निघाले. आमच्या घरातून धूर निघालेला रानातून दिसला आणि मग बैलगाड्या जुंपल्या गेल्या. दुपारी गिरणीचं इंजिन पुकपुक करायला लागलं तेव्हा मी अंगणात उभी राहून ते नुसतं ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा गाव जरा जास्तच घरात होतं. ऐन कामाच्या दिवसांत एक माणूस शेतात गेला नव्हता. जो तो धुतलेले कपडे घालून आपापल्या दारात, फोटो काढणाऱ्याची वाट बघावी तसा बसलेला. ज्यांनी आयुष्यात आमच्या वस्तीत पाय टाकला नव्हता तेही डॉक्टरांना आमचं घर दाखवायला पुढं. डॉक्टर प्रत्येकाचा ताप बघत होते, काखेत आणि जांघेत गाठ आहे का तेही चाचपत होते. आबांची पाळी आली. काखेपर्यंत त्यांनी तपासू दिलं. पुढं डॉक्टर म्हणाले, "धोतर सैल करा," आणि आबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता सगळं मुसळ केरात.

आबांनी इकडं तिकडं बघितलं. बायकांना तोंडं फिरवायला सांगितली. मग म्हणाले, "करा. त्या पोरीच्या विमानापायी हेबी करावं लागू राह्यलं. जल्दी करा तेवढं."

कुणालाही ताप नव्हता, गाठ नव्हती. पेटलेल्या चुली, चालू गिरणी, सगळं बघून डॉक्टरांनी पारावर बसून सर्टिफिकेट लिहिलं. शिक्का उमटला तेव्हा माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी हलगी आणली होती. आत्यानं आमच्या घराचं दार आतून लावून घेतलं आणि तीर्थपुरीवाल्यांना काय सांगायचं ते ठरवत बसली असावी.

त्याच दुपारी सगळ्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघाल्या आणि त्यांच्या मधोमध मी, बॅग डोक्यावर घेतलेल्या दादांच्या मागं. पुढं हलगी. वेशीवर अडवणारे उभेच होते. डॉक्टरांची जीप आमच्या आधी पोचली होती, त्यामुळं कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी त्या दिवशी आम्ही थांबलो नसतो. बायकांनी भररस्त्यात बैठक मारली आणि नेहमीपेक्षा चढ्या आवाजात मेथी विकायला काढली. इतका माज आमच्या गावानं त्याआधी कधी केला नव्हता. मला तो फार आवडला.

जालन्याची बस लागली. मी खिडकीत बसले. माय खाली उभी होती, पदराचं टोक दातात धरून. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी विचारलंच.

"माय, मी विचारलं तेव्हाच का न्हाई सांगितलंस? गावाला भ्यालीस?"

"गावाला कोण भेतंय," ती म्हणाली. "इमान चुकलं तर तू इथंच राहशील, म्हणून गप बसले."

ड्रायव्हर आत चढला.

"मंग सांगितलंस कशाला?"

मायनं खिडकीच्या गजावरचा माझा हात धरला. "तू दिवसभर त्या दगडावर बसून रस्त्याकडं बघायचीस. मह्याकडं येक डाव बघितलं न्हाईस. अशी लेक घरात ठेवून म्या काय करू?"

बस सुटली तेव्हा तिनंच माझा हात सोडला. मी मागं वळून, बस वळणाला जाईपर्यंत, तिच्याकडंच बघत होते.